शेंदराखालची बाई

फोन आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गात फळ्यावर अपूर्णांक मांडत होते. धाकटा भाऊ शाळेच्या वेळात कधी फोन करत नाही, म्हणून खडू हातात घेऊनच व्हरांड्यात आले. तो म्हणाला, "ताई, देवीनं खोळ सोडली. आजच ये." आवाजात आनंद नव्हता. मी काही विचारायच्या आत त्यानं फोन ठेवला.

ज्यांच्या घरात शेंदराचा देव नाही त्यांच्यासाठी सांगते. मूर्तीला दर मंगळवारी तेलात कालवलेला शेंदूर लावत गेलं, की थरावर थर साचून तिच्यावर जाड कवच चढतं. नाक, हात, पाय सगळं आत बुडून जातं. आणि कधीतरी, उन्हानं म्हणा नाहीतर स्वतःच्या वजनानं म्हणा, ते कवच एकदम सुटून खाली येतं. याला देवीनं खोळ सोडली म्हणतात. आतलं मूळ रूप दिसतं, पंचक्रोशीतून लोक दर्शनाला येतात, पेपरात फोटो येतो. म्हणजे आनंदाचीच गोष्ट. मग भाऊ असा का बोलला, हे कोडं मला बीडच्या स्टँडपासून तेलगावपर्यंत सुटलं नाही.

आमची देवी माजलगावच्या धरणाच्या पाण्याला लागून, गावाबाहेरच्या माळावर आहे. तिला वेगळं नाव नाही, लोक पाण्यावरची आई म्हणतात. मला आठवतं तेव्हापासून ती म्हणजे हातभर उंचीचा शेंदराचा गोळा आणि त्याला चिकटवलेले दोन चांदीचे डोळे. लहानपणी मी ते डोळे चुकवून बसायची, कारण गृहपाठ राहिलाय हे त्यांना कळतं अशी माझी पक्की समजूत होती.

माझी माय तिची भगतीण. आमचं घर मेंढरांचं. दिवसभर मेंढरामागं हिंडायचं आणि मंगळवारी देवीची सेवा करायची, एवढंच तिचं जग. मंगळवारी आरतीला हलगी वाजली की मायच्या अंगात येतं. केस सुटतात, आवाज जाड होतो. मग लोक विचारतात, म्हैस कुठं गेली, सून नांदायला कधी येईल, बोअर कुठं घ्यावा. एरवी माझी माय बोलायला लागली की दोन मेंढरं व्याली तरी तिची गोष्ट संपत नाही, पण देवी मोजकंच बोलते. बीडच्या शाळेत मी सहकाऱ्यांना सांगते की आईची मेंढरं आहेत. अंगात येतं हे सांगत नाही.

मला शिकवलं तेही देवीनंच. सातवी झाल्यावर वडिलांनी माझं स्थळ बघायला घेतलं होतं. एका मंगळवारी देवी मायच्या तोंडून म्हणाली, "पोरीला तालुक्याला धाड." वडील तिथंच कानाला हात लावून आडवे झाले. पुढं डी.एड. करताना मला वाटायला लागलं की ही मायचीच हुशारी. नवऱ्यापुढं बायकोचं चालत नाही, देवीचं चालतं. मी मनातल्या मनात तिला शंभरपैकी शंभर मार्क दिले आणि अंगात येण्यावरचा विश्वास सोडून दिला.

पण देवी दिसल्याची गोष्ट मी सोडली नाही. ती आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. धरणाचं पाणी पहिल्यांदा चढत होतं ते वर्ष. जुनं गाव उठून वर माळावर आलं होतं. माय तेव्हा चौदा वर्षांची, लग्न झालेलं, पण अजून माहेरच्यासारखीच मेंढरामागं हिंडणारी. भर उन्हात पाण्याच्या काठाला तिला एक बाई उभी दिसली. पांढरं लुगडं, पाय पाण्यात. बाई म्हणाली, "मला वर ने, मला पाणी लागतंय." एवढं म्हणून ती दिसेनाशी झाली, आणि ती उभी होती तिथं शेंदूर लावलेली मूर्ती. मायनं ती घोंगडीत घालून माळावर आणली. पाण्यातून शेंदरासकट वर आली, हाच मोठा चमत्कार. म्हणून कुणी कधी शेंदूर खरवडून बघितला नाही. शेंदराखाली काय असणार, देवीच असणार.

तेलगावला भाऊ मोटरसायकल घेऊन उभा होता. वाटेत मी विचारलं तर म्हणाला, "आधी बघ, मग बोलू." माळ दिसायला लागला तसा हलगीचा आवाज आला. ट्रॅक्टर भरभरून माणसं आली होती, कुणीतरी भंडारा उधळत होतं. देवळाच्या दाराला चादर लावलेली, आणि चादरीपुढं आमचे माजी सरपंच खांद्यावर पंचा टाकून उभे. गावात त्यांना सगळे आबा म्हणतात. ऊस त्यांचा, कारखान्यावर वट त्यांची, देवळाचा स्लॅबही त्यांनीच टाकून दिलेला. मला बघून त्यांनी चादर बाजूला केली आणि म्हणाले, "बाई, जरा आत बघून घ्या. लोकांना आजून दाखवलं न्हाई."

आत माय भिंतीला टेकून बसली होती. घमेल्यात शेंदराचे तुकडे, बोटभर जाडीचे, त्यात एक चांदीचा डोळा वर बघत पडलेला. आणि चौथऱ्यावर ती.

पहिल्यांदा मला रंग दिसला. निळा. कमरेला निळा पट्टा, तेल पिऊन काळसर झालेला, पण निळाच. पांढरा झगा पायापर्यंत. डोक्यावरून पदर. दोन्ही हात छातीशी जोडलेले, नाकाचा शेंडा उडालेला आणि पायाखाली साप. सिमेंटची, साच्यातली मूर्ती. मान किंचित एका बाजूला.  मी तिला ओळखत होते.

नगरला डी.एड. करताना माझी खोलीतली मैत्रीण ख्रिस्ती होती. तिच्या कपाटात अशीच एक बाई उभी असायची, वीतभर. एका सप्टेंबरात ती मला श्रीरामपूरकडं मतमाऊलीच्या, म्हणजे ह्याच बाईच्या, यात्रेला घेऊन गेली. मला वाटलं होतं चर्च म्हणजे इंग्रजी आणि चूप बसणं. तिथं बघते तर खेळणीवाले, रेवड्या, उन्हात अनवाणी चालत आलेली माणसं, हातात नारळ, हार, मेणबत्त्या. एक म्हातारी गुडघ्यांवर रांगत पायरी चढत होती. कुंकू लावलेल्या कितीतरी बायका रांगेत होत्या, त्यांना कुणी जात विचारत नव्हतं. मैत्रिणीची आई मला म्हणाली होती, "ती मूळची गरिबाघरची बाई गं. म्हणून तिला नवस बोलताना लाज वाटत नाही." तेव्हा मी त्या मूर्तीपुढं हात जोडले होते, पाहुणी म्हणून. आता तीच मूर्ती आमच्या देवीच्या चौथऱ्यावर उभी होती, आणि मला हात जोडायचं सुचेना.

"शिकलेल्या हायेत तुमी," आबा मागून म्हणाले. "सांगा बरं, ही कोण?"

इथं मी चुकले. मी म्हणू शकले असते की माहीत नाही. म्हणू शकले असते की देवी आहे, हात जोडलेली देवी असते एखादी. पण प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, ही मास्तरकीची खोड. आणि खरं सांगते, आपल्याला माहीत आहे याचा थोडा तोराही होता. मी म्हणाले, "ही मेरी. येशूची आई."

 आबा चादरीबाहेर गेले आणि थोड्या वेळानं हलगी थांबली. मी मायकडं बघितलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती, घमेल्यातला तो डोळा उचलून पदरानं पुसत होती.

निर्णय तासाभरात झाला. आबा वाईट माणूस नाहीत, आरडाओरडा त्यांच्या स्वभावात नाही. ते म्हणाले, बाहेरची लोकं येऊन उगं बोभाटा करतील, गावाला ताप होईल. मूर्ती कुणाचीही असो, अपमान करायचा नाही. पुढच्या मंगळवारी ओटी भरून, वाजतगाजत धरणात सोडून द्यायची. तिच्या जागी काळ्या पाषाणाची नवी बसवू. सगळ्यांनी माना हलवल्या. माय दाराशीच उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

मी पंधरा दिवसांची रजा टाकली. माझ्या एका वाक्यानं मायची देवी पाण्यात जाणार होती, एवढं मला कळत होतं. माय मात्र नेहमीसारखी उठायची, मेंढरं काढायची. तिच्या गप्पा तेवढ्या बंद झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर माळावर गेले. दुपारी बाभळीखाली ती एक मेंढी आडवी पाडून तिच्या खुरातला काटा काढत बसली. काहीतरी बोलायचं म्हणून मी मोबाइल काढला. गेले तीन दिवस मी हेच वाचत होते.

मी तिला सांगितलं की ही बाई जगभर दिसलेली आहे. पोर्तुगाल म्हणून देश आहे, तिथं तीन पोरं मेंढरं राखत होती, त्यांना झाडावर उजेडात दिसली.

"मेंढरं?" मायनं मान वर केली.

"मेंढरंच. आणि फ्रान्समध्ये एका डोंगरात गुरं राखणाऱ्या दोन पोरांना दिसली. दगडावर बसून रडत होती म्हणे. पोरांना तिची शहरी भाषा कळेना, तर मग त्यांच्या गावाकडच्या बोलीत बोलली."

"आपल्यावानी?"

"आपल्यावानी. त्याच देशात आणखी एक पोरगी सरपण वेचायला गेलती, तिला नदीच्या काठाला दिसली. आणि मेक्सिकोत तर एका गरीब माणसाला दिसली, तिथं गोऱ्यांचं राज्य होतं आणि हा तिथला मूळचा. त्याच्या अंगावरच्या वस्त्रावर तिचं चित्र उमटलं. आपल्या घोंगडीसारखंच जाडंभरडं वस्त्र असणार ते."

मायच्या हातातला चिमटा थांबला. मेंढी सुटायला बघत होती, तिनं गुडघ्यानं तिला दाबून धरलं. मला बरं वाटलं. मी म्हणाले, "म्हणजे बघ, ती मेंढरंवाल्यांनाच दिसते. तुला दिसली यात नवल नाही. तू काही चुकीचं केलं नाहीस."

"त्या पोरांचं खरं व्हतं का?" मायनं विचारलं.

"चौकशा झाल्या. पोलिसांनी विचारलं, त्यांच्या धर्मातल्या मोठ्या लोकांनी विचारलं, धाक घातला. पोरांनी शब्द फिरवला नाही."

मायनं चिमटा पुन्हा काट्याला लावला. मग म्हणाली, "मला कुणी इचारलंच न्हाई. येकदा जरी कुणी धाक घालून इचारलं आसतं, तर तवाच सांगितलं आसतं."

"काय सांगितलं असतंस?"

"मला कुनी दिसलं न्हाई म्हनून."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिनं काटा काढला, मेंढी सोडली, हात पदराला पुसले आणि सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज भाजी निवडताना असतो तसाच होता.

जुन्या गावाच्या खाली, नदीच्या अंगाला, गावकुसाबाहेरची वस्ती होती. त्यातली पाच-सहा घरं कधीकाळी ख्रिस्ती झालेली. एका घराच्या भिंतीत कोनाडा होता, त्यात ही उभी असायची. तिथली एक म्हातारी रोज दिवेलागणीला तिच्यापुढं मेणबत्ती लावायची. एकदा उन्हाचा तडाखा बसून माय तिच्या दारात पडली, तर त्या म्हातारीनं तिला पाणी पाजलं. मायनं ते घरी कुणाला सांगितलं नाही. त्या घरचं पाणी प्यालं म्हणजे काय, हे चौदा वर्षांच्या पोरीलाही ठाऊक होतं. धरणाचं पाणी चढायला लागलं तशी ती घरं नगरकडं निघाली. ट्रक आला. भांडीकुंडी, शेळ्या, पोरं, म्हातारी, ट्रक भरून गेला. म्हातारी म्हणाली होती, मूर्तीला धक्का लागंल, दुसऱ्या खेपेला नेऊ. दुसरी खेप आलीच नाही. त्याआधी रस्ता पाण्याखाली गेला.

"म्या रोज बघत व्हते," माय म्हणाली. "पाणी तिच्या पायाला लागलं. दुसऱ्या दिशी गुडघ्याला. तिनं हात जोडल्याले. म्हनलं, ही कुणाला हात जोडायली? हितं हाय कोन? माह्याबिगर कुणीच न्हाई. मग गेले पाण्यात. घोंगडीत बांधली आन् आणली."

"मग शेंदूर?"

"मारुतीच्या देवळातून. वाटीभर. तेलात कालवून म्याच लावला, समदी झाकूस्तोर. त्या वस्तीतली म्हनल्यावर गावानं ठिवून घेतली आसती का? फोडली आसती. म्हनून म्हनलं, दिसली."

मी दगडावर बसून राहिले.  ज्या गोष्टीवर मी पोरपणापासून विश्वास ठेवला, कॉलेजात विज्ञान शिकूनही जी सोडली नाही, उन्हाची तिरीप असेल, उपाशी पोरीला भास झाला असेल, असं म्हणत जिला मी मनात जपलं, ती गोष्ट एका पोरीनं वाटीभर शेंदरात कालवली होती. आणि मला राग आला नाही. मला तिची भीती वाटली. चौदा वर्षांची एकटी पोरगी सगळ्या गावाला फसवते आणि अडतीस-चाळीस वर्षं तोंडातून ब्र काढत नाही. मला तर खोटी रजा टाकताना घाम फुटतो.

मग माझं मास्तरी डोकं चालायला लागलं. मी म्हणाले, "माय, मग यात अवघड काय आहे? मंगळवारी हलगी वाजेल. तू अंगात आण. देवी म्हणून सांग, मला हलवू नका. कुणाची छाती आहे? आजवर एवढं बोललीस, आणखी एकदा बोल."

मायनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिची कुणी नव्हेच.

"ते म्या बोलत न्हाई," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"दिसली न्हाई. पर आंगात येती ते खरं हाय. पयल्यांदा आली तवा म्याच भ्याले. ती काय बोलती ते मला मागनं लोकं सांगत्यात. तुला तालुक्याला धाड म्हनली ना, ते आयकून म्या दोन दिस रडले. मला तुला धाडायचंच नव्हतं. मेंढरामागं कोन जाणार व्हतं?"

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं उत्तर मी चुकवलं होतं, आणि ते मला पस्तिशी ओलांडल्यावर बाभळीखाली कळलं. जे खोटं समजले ते ती खरं म्हणत होती आणि जे खरं मानलं ते खोटं निघालं. मी तिच्याशी वाद घातला नाही.  ती एवढंच म्हणाली, "ती बोलायची आसंल तर बोलंल. तिच्या नावानं म्या बोलनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला फोन केला. ती आता संगमनेरला असते.  सगळं ऐकून म्हणाली, ती घरं आता शोधून सापडायची नाहीत, आणि सापडली तरी मागायला कुणी येणार नाही. "पण तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. आमच्यात अशी पोरगी निघाली असती ना, तर तिच्याच नावानं मेणबत्त्या लागल्या असत्या." मी मायला नमस्कार सांगितला. मेणबत्त्यांचं सांगितलं नाही, ती हसली असती.

मंगळवारी माळ भरला. ओटीचं ताट तयार होतं, हिरवं लुगडं, नारळ, पाच फळं. काठाला मासे धरणाऱ्यांची होडी आणून ठेवली होती. हलगी वाजली. सगळे मायकडं बघत होते आणि मीही बघत होते. अंगात येणं न मानणाऱ्या बाईनं इतक्या जिवाच्या आकांतानं देवीची वाट बघितल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. हलगी वाजत राहिली. माय उभीच. केस बांधलेले, डोळे उघडे. देवी आली नाही.

मग मायनं हात वर करून हलगी थांबवली आणि आपल्या रोजच्या आवाजात सगळं सांगितलं. कोनाडा, म्हातारी, पाणी, घोंगडी, मारुतीच्या देवळातला शेंदूर. त्या घरचं पाणी प्याले हेही सांगितलं, ते सांगायची काही गरज नव्हती. शेवटी म्हणाली, "मला कुनी दिसलं नव्हतं. तुमाला म्या फसवलं. मला काय करायचं ते करा. पर जिला पाण्यातून काढली तिला पुन्हा पाण्यात सोडू नका."

कुणी ओरडलं नाही. कुणी बाजूला थुंकलंसुद्धा नाही. एक म्हातारा मेंढरंवाला तेवढा पुढं आला आणि विचारता झाला, "कुठल्या वस्तीतून म्हनली?" त्यानं ऐकलं होतं, सगळ्यांनीच ऐकलं होतं. मायनं पुन्हा सांगितलं. तो मागं सरकला, आणि त्याच्या मागची माणसंही थोडी सरकली. 

आबांनी होडीकडं हात केला. पण तोवर माझी चुलती उठली. ती जन्माची भांडखोर, मायशी तर तिचं हाडवैर. ती म्हणाली, "सोडा की. आदी माहा नवस फिरवून द्या. सात वर्सं कूस उजवली न्हाई, हिच्याच पायाशी लोळले, मग पोरगी झाली. ती पोरगी आता परत करू का कुणाला?" तिच्यामागून दुसरी बोलली, मग तिसरी. कुणाचा नवरा दारूतून उठला होता, कुणाची गाय दगावता दगावता राहिली होती. नवस बोलला, देवी पावली, फेडला. आता ती कुणाची हे विचारून काय उपयोग, पावलेलं माघारी कसं द्यायचं. बायका चौथऱ्याभोवती अशा बसल्या की पुरुषांना पाय ठेवायला जागा राहिली नाही. मला आनंदानं रडू आलं. मला वाटलं, माय जिंकली.

आबा राजकारणात मुरलेले. त्यांनी थोडा वेळ जाऊ दिला आणि म्हणाले, ठीक हाय, देवी ऱ्हाईल. पण शेंदूर लावून. आणि हा इषय परत कुणी काढायचा न्हाई, बाहेर तर मुळीच न्हाई. बायकांनी गोमूत्र शिंपडलं, तेल आणलं, शेंदूर कालवला. माझ्या डोळ्यांदेखत तो निळा पट्टा गेला, जोडलेले हात गेले, उडालेलं नाक गेलं. पहिला हात लावायला माय पुढं झाली होती तेव्हा आबांनी तिला थांबवलं. अगदी हळू आवाजात. "वयनी, तुमी नका. तुमी देवीशी खोटं बोलल्या."

खोटं बोलल्या. तीन निवडणुका ज्यांनी आम्हाला डांबरी रस्त्याचं गाजर दाखवलं, त्यांनी हे म्हणावं. मी तोंड उघडलं तर भावानं माझा दंड धरला. आबा पुढं म्हणाले, सेवा तुमच्या घरातून काढायची न्हाई, तुमचा पोरगा करंल. भावानं मान खाली घातली. ती होकाराची होती हे मला नंतर कळलं. घरी आल्यावर मी त्याला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, नुसतं खोट्याचं आसतं तर निभलं आसतं. पर माय तिथलं पाणी प्याली म्हनली. लोकांपुढं कावून सांगायचं?"

पुढच्या मंगळवारी बीडला परत निघायच्या आधी मी मायबरोबर दर्शनाला गेले. आम्ही दोघी बायकांच्या रांगेत उभ्या राहिलो. माय त्या देवळात आयुष्यात पहिल्यांदा रांगेत उभी होती. आत भाऊ नवं धोतर नेसून बसला होता. देवी पुन्हा पहिल्यासारखीच लालभडक, दोन्ही डोळे जागेवर. भावानं माझ्या तळहातावर प्रसाद ठेवला, नीट, बोटांनी दाबून. शिरा गरम होता. मी पुढं सरकले आणि मागं वळून बघितलं.

माय त्याच्यापुढं ओंजळ करून उभी होती. भावानं शिरा घेतला आणि हात वीतभर वर धरून तिच्या ओंजळीत टाकला. वरून. तिला हात लागू न देता. रांगेतल्या बायका बघत होत्या आणि तो त्यांच्याकडं बघत होता, मायकडं नाही. तिनं त्याला जन्म दिला, त्याचं ढुंगण धुतलं. माझा सख्खा भाऊ आहे तो.

 मायनं नुसती ओंजळ आणखी थोडी खाली घेतली, म्हणजे त्याला टाकायला सोपं जावं.